सारखे ढेकर, संध्याकाळी पोटाला गुबारा: एका शिक्षिकेच्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४, हायस्कूलमध्ये शिकवतात. तीन वर्षांपासून ढेकरांनी जीव मेटाकुटीला आलाय. दिवसाला शंभरएक तरी येतात. संध्याकाळपर्यंत पोट डब्ब होतं, साडीची गाठ सैल करावी लागते. एंडोस्कोपी आणि सोनोग्राफी दोन्ही नॉर्मल. वजन कमी झालेलं नाही, भूक लागते. तीन वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी चालू आहे, अधूनमधून सोडा. पाठीत मधोमध कुणी दाबलं की मोठा ढेकर येतो आणि तेवढ्यापुरतं बरं वाटतं. डाळी, कोबी, वांगं, बटाटा, दूध सगळं बंद करून झालं. "आता खायचं तरी काय, डॉक्टर?" असं शेवटी विचारलंय.

ताई, तुमच्या पत्रात जाता जाता लिहिलेलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. "तास घेताना फारसे येत नाहीत, स्टाफरूममध्ये येऊन बसले की सुरू होतात, आणि रात्री झोपेत कधीच नाही." या एका वाक्यात तुमच्या दुखण्याचं अर्धं निदान आहे. ते कसं, ते नीट सांगतो, कारण कारण समजल्याशिवाय उपाय गळी उतरत नाही.

आपल्याकडे 'गॅस' हा शब्द फार ढिला वापरला जातो. कुणाला ढेकर येतात, कुणाचं पोट फुगतं, कुणाला खालून वारा सरतो, कुणाच्या छातीत जळजळतं, सगळे येऊन सांगतात, "गॅस झालाय." ही चार दुखणी वेगळी आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. चौघांना एकच गोळी दिली की एखाद्याला गुण येतो आणि बाकीचे वर्षानुवर्षं दुकानं बदलत फिरतात.

ढेकरापासून सुरुवात करू. बहुतेकांचा समज असा की खाल्लेलं पोटात सडतं, त्याचा गॅस होतो आणि तो ढेकर होऊन वर येतो. तसं होत नाही. जठरात गॅस जवळजवळ तयारच होत नाही. ढेकरातून जी बाहेर पडते ती तोंडावाटे आत गेलेली साधी हवा असते. प्रत्येक घोटाबरोबर, प्रत्येक घासाबरोबर थोडी हवा आत जातेच. ती जठराच्या वरच्या भागात साठते, जठर ताणलं की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप क्षणभर सैल पडते आणि हवा वर निघते. हा खरा, जठरातला ढेकर. दिवसाला पंचवीस-तीस आले तरी तो आजार नव्हे. जठरातली हवा बाहेर सोडायची ती शरीराची सोय आहे.

दुसरा ढेकर वेगळा असतो, आणि शंभर-शंभर ढेकर येणाऱ्यांत बहुधा हाच असतो. यात हवा जठरापर्यंत पोचतच नाही. छाती-पोटामधला पडदा, म्हणजे श्वासपटल, नकळत खाली खेचलं जातं, छातीत ओढ निर्माण होते, घशाकडची झडप उघडते आणि हवा अन्ननलिकेत शिरते. सेकंदभरात पोटाचे स्नायू आवळतात आणि तीच हवा आवाज करत बाहेर पडते. हवा आत गेली आणि लगेच बाहेर आली, मधे पोटाचा संबंधच नाही. नाकातून अन्ननलिकेत बारीक नळी ठेवून चोवीस तास नोंद करणारी एक तपासणी आहे, तिच्या आलेखावर हे स्पष्ट दिसतं: हवा वरून खाली जाते आणि तिथूनच परत फिरते. हा ढेकर झोपेत येत नाही. माणूस बोलण्यात, कामात गुंतला की कमी होतो. आणि 'आता येईल, आता येईल' असं लक्ष तिकडे लागलं की वाढतो. ताई, तुमचं ते वाक्य म्हणूनच मी दोनदा वाचलं.

माझ्या खोलीत घडलेलं एक सांगतो. साधारण पासष्टीच्या एक आजी सुनेबरोबर आल्या होत्या. सून पाठीमागे उभी राहून त्यांच्या खांद्याच्या फऱ्याखाली अंगठ्याने दाबत होती आणि प्रत्येक दाबाला आजींचा ढेकर. मग आजींनी स्वतःचा गुडघा दाबून दाखवला, तेव्हाही ढेकर. "बघा डॉक्टर, गुडघ्यात पण गॅस भरलाय." मी काही न बोलता त्यांची नाडी धरली आणि त्यांच्या शेताचं, नातवाच्या बारावीचं विचारत बसलो. दहा मिनिटं आजी भरभरून बोलल्या. एकही ढेकर नाही. मी घड्याळ दाखवलं, तेव्हा सुनेच्या लक्षात आलं. आणि आजींनी पुन्हा गुडघ्याला हात लावताच ढेकर आला.

आजी सोंग करत नव्हत्या, हे मला ठासून सांगायचं आहे. हे दुखणं खरं आहे, त्रास खरा आहे. पण आतड्यातली हवा आतडं सोडून गुडघ्यात, पाठीत किंवा डोक्यात जाऊ शकत नाही; तिकडे जाणारी वाटच शरीरात नाही. पाठ दाबली की ढेकर येतो, कारण दाबताना आपण श्वास रोखतो, श्वासपटल हलतं आणि हवा आत ओढली जाते. ढेकर आल्यावर क्षणभर मोकळं वाटतं, म्हणून मेंदू ती खूण पक्की धरतो. मग अस्वस्थ वाटलं की ढेकर काढायचा, ढेकर काढायला हवा ओढायची, त्यातली थोडी गिळली जाऊन पोटात उतरायची, पोट अजून जड व्हायचं, की पुन्हा ढेकर. तीन वर्षं तुम्ही या चक्रात आहात. सुरुवात कधीतरी झालेल्या साध्या ॲसिडिटीने, घरातल्या एखाद्या काळजीने किंवा दगदगीने झाली असेल. आता ती गेली तरी सवय मागे राहिली आहे.

त्यामुळे पहिली गोष्ट: पाठ दाबून घेणं आजपासून बंद. मुद्दाम ढेकर काढणंही बंद. पहिले चार-पाच दिवस जड जातील, पण ढेकर न काढल्याने काही बिघडत नाही. आत राहिलेली हवा खाली सरकते, काही रक्तात शोषली जाते, उरलेली खालून निघून जाते.

दुसरी गोष्ट श्वासाची, आणि माझ्या हिशोबाने सगळ्यात मोठं औषध हेच. उताणं झोपा, गुडघे दुमडा. एक तळवा छातीवर, दुसरा बेंबीच्या वर. तोंड किंचित उघडं ठेवा आणि जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टेकवा. आता सावकाश श्वास घ्या, चार आकडे मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. पोटावरचा हात वर-खाली व्हायला हवा, छातीवरचा जवळजवळ स्थिर. सुरुवातीला बऱ्याच जणांचं उलटंच होतं, श्वास घेताना पोट आत जातं. एक-दोन दिवसांत जमतं. दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. झोपून जमलं की खुर्चीत बसून, मग उभ्याने. तोंड उघडं आणि जीभ अशी टेकलेली असताना हवा गिळणं अवघड जातं, आणि श्वासपटल संथ लयीत चाललं की त्याला अचानक हिसका देता येत नाही. ढेकर दाटून आल्यासारखा वाटेल तेव्हा असे पाच-सहा श्वास घ्या. उबळ विरते. फळ्याकडे तोंड करून हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. सहा-आठ आठवडे नेटाने करा. न जमल्यास स्पीच थेरपिस्टकडून चार-पाच बैठकांत शिकून घेता येतं. ढेकरांसाठी स्पीच थेरपिस्ट ही गोष्ट ऐकायला नवी वाटेल, पण या दुखण्यावर त्यांचं शिक्षण खरोखर उपयोगी पडतं.

हवा आत जाण्याच्या बाकीच्या वाटाही बुजवा. तुमच्याबाबतीत माझा पहिला संशय मधल्या सुट्टीवर आहे. डबा दहा मिनिटांत, बोलत बोलत, त्यावर बाटली वर धरून घटाघट पाणी. पाणी पेल्यातून, तोंड लावून प्या. बशीतला गरम चहा फुरके मारत पिताना चहाइतकीच हवा आत जाते, चहा जरा निवू द्या. च्युइंग गम, सुपारी, तंबाखू, मिश्री यांनी सतत लाळ सुटते, ती सारखी गिळली जाते आणि बरोबर हवा. कवळी सैल असली तरी हेच होतं, घरात कुणा वडीलधाऱ्यांना ढेकरांचा त्रास असेल तर आधी कवळी बघा.

आता संध्याकाळच्या गुबाऱ्याकडे येतो. पोट फुगलं म्हणजे आत खूप गॅस भरला, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेत मिनिआपोलिस इथे डॉ. मायकेल लेव्हिट यांनी आतड्यातल्या वायूचा अनेक वर्षं अभ्यास केला. १९७५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'गॅस'ची तक्रार असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या आतड्यांतला वायू प्रत्यक्ष मोजला. दोन्ही गटांत तो साधारण २०० मिलिलिटरच्या आसपास निघाला, म्हणजे एका पेल्याइतका. तक्रार असलेल्यांच्या आतड्यात वायू पुढे सरकायला अडखळत होता आणि तेवढ्याच वायूने त्यांना जास्त दुखत होतं. आतडं हळवं असतं, फरक तिथे आहे. पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. काहींचं पोट फुगतं तेव्हा श्वासपटल खाली उतरतं आणि पोटाची पुढची भिंत सैल पडते. पोट खरंच पुढे येतं, गाठ खरंच घट्ट होते, पण आतला वायू फारसा वाढलेला नसतो. वर सांगितलेला श्वासाचा व्यायाम म्हणूनच गुबाऱ्यालाही लागू पडतो. शिवाय पोट रोज साफ होतंय का ते पाहा. मळ साठलेला असला की वायू मागे तुंबतो, आणि अशा वेळी बद्धकोष्ठ हटवल्याशिवाय गुबारा हटत नाही.

खरा गॅस तयार होतो तो मोठ्या आतड्यात. आपल्याला न पचलेलं तिथले जिवाणू आंबवतात, त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींमध्ये मिथेन निघतो. हा खालून सरतो. दिवसातून दहा ते वीस वेळा वारा सरणं नॉर्मल आहे. लोकांना हा आकडा सांगितला की निम्म्यांची काळजी तिथेच मिटते. वास येतो तो गंधकाच्या वायूंचा, आणि ते एकूण वायूच्या एक टक्क्याहूनही कमी असतात.

म्हणजे खाण्याचा संबंध ढेकराशी थोडा आणि खालच्या वायूशी जास्त. तुम्ही ढेकरांसाठी डाळी सोडल्यात, म्हणून गुण आला नाही. त्या परत सुरू करा. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात, त्या फोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नाहीच. वाल, हरभरा, छोले, राजमा, पावटे वातूळ म्हणतात ते याचमुळे. पण आपल्या आज्या करायच्या तेच करा: रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, मोड आणा, मऊ शिजवा, वर हिंगाची फोडणी. भिजवल्याने काही साखर पाण्यात उतरते, मोड येताना बरीच वापरली जाते. सालं काढलेल्या मुगाच्या वरणापासून सुरुवात करा, अर्धी वाटी, आठवड्याने एक वाटी, मग मटकी. दोन-चार आठवड्यांत आतडं रुळतं. शाकाहारी घरात डाळी बंद म्हणजे प्रथिनं बंद, आणि चाळिशीनंतरच्या बाईला ते परवडणारं नाही. बाजारातल्या बहुतेक हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे फक्त गव्हाची खरी ॲलर्जी किंवा सिलिॲक (गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार) असलेल्यांनी ध्यानात ठेवावं.

दुधाचं मात्र तपासून बघण्यासारखं आहे. वय वाढतं तसं दुधातली साखर पचवणारं द्रव्य आपल्यापैकी बऱ्याच जणांत कमी होतं. एका पेल्यात, २०० मिलिलिटर दुधात, ही साखर, म्हणजे लॅक्टोज, साधारण १० ग्रॅम असते. दहा दिवस दूध, पेढे-बर्फी, खवा पूर्ण बंद. मग एका सकाळी उपाशीपोटी पेलाभर दूध प्या आणि पुढचे चार-पाच तास पोटाकडे बघा. गुडगुडणं, फुगणं, जुलाब झाले तर उत्तर मिळालं. त्रास होणाऱ्यांनाही चहातलं दूध बहुधा चालतं, दही आणि ताक तर सहसा बाधत नाही. काही झालं नाही, तर दूध परत सुरू.

गहू, कांदा, लसूण यांतल्या फ्रुक्टॅन्स नावाच्या न पचणाऱ्या साखरांमुळेही वायू होतो. चातुर्मासात कांदा-लसूण सोडल्यावर पोट हलकं वाटतं असं अनेक जण सांगतात, त्यामागे हे कारण असू शकतं. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने अशा सगळ्या पदार्थांची यादी करून फॉडमॅप नावाचा आहार बसवला. तो चार-सहा आठवडेच पाळायचा आणि मग एकेक पदार्थ परत आणायचा असतो. लोक पहिला भाग करतात आणि दुसरा विसरतात, मग ताटात भात आणि काकडी एवढंच उरतं. तुम्ही आधीच खूप सोडलंय, तुम्हाला मी हा आहार सांगणार नाही. उपवासाच्या दिवशी मात्र सांभाळा. साबुदाणा खिचडी, शेंगदाण्याची आमटी, रताळी आणि वर दोन पेले दूध असा दिवस कुणाच्याही पोटाला जड जातो.

औषधांबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. खाण्याचा सोडा किंवा इनो पाण्यात टाकलं की फसफसतं, तो कार्बन डायऑक्साइड असतो. तो प्यायल्यावर मोठा ढेकर येतो आणि लोकांना वाटतं, अडकलेला गॅस सुटला. तो ढेकर त्या पुडीतूनच आलेला असतो. वर त्यात सोडियम भरपूर, म्हणून ब्लडप्रेशर, हृदय किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी रोज घेणं चांगलं नाही. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या आम्ल कमी करतात. जळजळ, अल्सर यांवर उत्तम आहेत, पण ढेकरातल्या हवेवर त्यांचा काहीच इलाज नाही. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. तीन वर्षांची गोळी एकदम तोडू नका, कारण एकदम थांबवल्यावर काही दिवस आम्ल उसळी मारतं आणि गोळीशिवाय जगताच येणार नाही असं वाटतं. तुमच्या डॉक्टरांशी बोलून डोस कमी करत, मग दिवसाआड करत सोडा.

गोळीच्या पाकिटावरचं नाव मात्र आजच वाचा. त्यात जोडीला लेव्होसल्पिराइड आहे का? आपल्याकडे 'गॅसची गोळी' म्हणून हे मिश्रण सर्रास लिहिलं जातं. थोडे दिवस ठीक, पण महिनोन्महिने घेतल्याने हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा निर्विकार होणं, स्त्रियांमध्ये पाळी बिघडणं, स्तनातून दूध येणं असं होऊ शकतं. कंपवात म्हणून माझ्याकडे पाठवलेल्या दोन वयस्कर रुग्णांची थरथर ही गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत ओसरली. आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर व्होग्लिबोज किंवा ॲकार्बोजची गोळी पाहा. ती पिष्ट पदार्थांचं पचन मुद्दाम अडवते, ते मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं आणि वायू होतो. मेटफॉर्मिननेही काहींचं पोट फुगतं. अशा माणसाला गॅसची दुसरी गोळी देण्याआधी ही बदलता येते का ते विचारावं. ओवा, बडीशेप, बाळंतशेपा चिमूटभर घेतल्यास हरकत नाही, काहींना बरं वाटतं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली मात्र खरंच गुणकारी आहे, चालल्याने आतड्यातला वायू पुढे सरकतो. आडवं व्हायचंच असेल तर डाव्या कुशीवर. वामकुक्षी म्हणतात ती हीच. डाव्या कुशीवर जठरातलं आम्ल अन्ननलिकेच्या तोंडापासून खाली राहतं.

एका बाबतीत मात्र 'गॅस असेल' म्हणून थांबायचं नाही. पहाटे पाचला एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, पंचावन्नचे, मधुमेही. छातीत गॅस दाटलाय म्हणून दोन तास ओवा आणि सोडा घेत घरीच बसलेले. कपाळावर घामाचे थेंब होते आणि बायको पदराने ते पुसत होती. ईसीजीत हार्ट अटॅक दिसला. ते वाचले, पण त्या दोन तासांत हृदयाचा जो स्नायू गेला तो गेला. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, दम, चालताना वाढणारी आणि थांबल्यावर कमी होणारी अस्वस्थता: आधी ईसीजी, मग गॅसचा विचार. मधुमेह्यांत आणि बायकांत दुखणं सौम्य असू शकतं, कधी नुसतं 'पोटात कसंतरी होतंय' एवढंच जाणवतं, म्हणून त्यांनी जास्तच सावध राहावं.

वजन आपोआप उतरणं, घास अडकणं, काळी शौच, सारखी उलटी, रक्त कमी होणं, कावीळ, पोटात गाठ लागणं यांपैकी काही असेल किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच त्रास सुरू झाला असेल, तर तपासणी लांबवू नये. पन्नाशीच्या पुढच्या बाईचं पोट काही आठवडे रोज फुगतंय, दोन घासांत पोट भरतंय, लघवीला सारखं जावं लागतंय, तर तो गॅस नसून अंडाशयाचा आजार असू शकतो. ओटीपोटाची सोनोग्राफी करावी. सडक्या अंड्यासारख्या वासाचे ढेकर आणि पातळ शौच असल्यास जिआर्डिया नावाचा जंतू शोधावा, त्यावर साधं औषध आहे. आणि सोनोग्राफीत पित्ताशयात खडा दिसला म्हणून निव्वळ ढेकर आणि फुगण्यासाठी ऑपरेशनची घाई करू नये. खड्याचं दुखणं वेगळं असतं, उजव्या बरगडीखाली येणारी जबर कळ. ऑपरेशननंतरही ढेकर तसेच चालू असलेले कितीतरी जण मी पाहिलेत.

ताई, तुमच्यात यातलं काही दिसत नाही. तरी हिमोग्लोबिन आणि बी-१२ एकदा तपासून घ्या, तीन वर्षांची गोळी आहे म्हणून. उद्यापासून एका छोट्या वहीत तीनच गोष्टी लिहा: ढेकरांचा झटका किती वाजता आला, त्याआधीच्या तासाभरात काय चाललं होतं, आणि श्वासाचा व्यायाम झाला की नाही. काय खाल्लं ते या वहीत सध्या लिहू नका. दोन आठवड्यांनी पानं चाळताना बहुधा तुम्हालाच दिसेल की ढेकर भाजीमागे येत नाहीत, पेपर तपासायचे ढीग, पालकांची मीटिंग, घरी जायची घाई यांच्यामागे येतात. ती वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि गोळी कमी करण्याबद्दल तेव्हाच बोला. आणि आज रात्री अर्धी वाटी मुगाचं वरण, मऊ भात, वर तूप असं सावकाश बसून जेवा.